अडतिसावा रकाना

मंगळवार, १७ जानेवारी २०२३

थोरल्या भावाला, कांग वागिमान यांना, धाकट्या चुलतभावाचा, मुग्योनोचा सलाम.

तुम्ही आणि वहिनी, म्बाक लेगिनेम, सुखरूप असाल, अशी रोज फजरच्या नमाजानंतर दुआ करतो. आम्ही इथे शहरात ठीक आहोत. बायकोचा गुडघा या डिसेंबर-जानेवारीच्या पावसाळ्यात दुखतो, तसा तो दुखतोच आहे. थोरलीला दवाखान्यात परिचारिकेची नोकरी लागली. धाकटीला गणित आवडत नाही आणि ती ते मला फार अभिमानाने सांगते.

खरं तर फोन करायला हवा होता. दोनदा लावला आणि घंटा वाजण्याआधीच बंद केला. कागदावर मला जास्त बोलता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या नोंदवह्या वीस-बावीस वर्षं दर महिन्याला माझ्या टेबलावर येत राहिल्या. तेव्हाही आपण कागदावरच तर बोलत होतो. तुम्ही नदीच्या पातळीचे आकडे लिहायचे, मी ते कार्यालयाच्या तक्त्यात चढवायचो.

पुरात गेलेल्या म्बाह सामिराह आजीसाठी मी कुराणातली यासीन वाचली. नऊ तारखेची ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पुचांगसारीत लख्ख ऊन, पाऊस सगळा वर डोंगरात. म्हातारी नदीतल्या वाळूच्या बेटावर भुईमूग उपटत होती. आमच्या कार्यालयाचा पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला तेव्हा काली वारू नदीचं पाणी त्या बेटावरून जाऊन पन्नास मिनिटं झाली होती.

म्बाक लेगिनेमचा काल फोन आला होता. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेचं त्यांनी सांगितलं. प्रार्थना संपली, घरी न्यायच्या भाताच्या टोपल्या वाटल्या, आणि तुमच्या हातात कुणी दिली नाही. म्हणाल्या, "वाटणारा तुझ्या कांगच्या पुढून असा गेला, जसा काही तिथे खांबच आहे." ओसरीवर कुणीतरी म्हणालं म्हणे, "नदी आली तेव्हा वागिमान झोपेत मासे मोजत होता." तुम्ही सांगितलंत की कार्यालयाने नवी मोजपट्टी येईपर्यंत नोंदी थांबवायला सांगितलं होतं, तर लोक हसले. "पट्टी येईपर्यंत नदी थांबणार होती काय?"

आणि तुम्ही घरी येऊन म्हणालात, "बरोबरच बोलतायत. पट्टी नव्हती, पण मला डोळे तर होते ना."

कांग, असं मनाला लावून घेऊ नका. नोंदी कार्यालयानेच सप्टेंबरात थांबवल्या होत्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे वागलात. यात तुमची चूक नाही, हे मी अगदी खात्रीने सांगतो.

नव्या पट्टीबद्दल तुम्ही म्बाककडून विचारलंत. त्याचं सवडीने लिहीन.

पुराची चौकशी सोमवारी, सहा फेब्रुवारीला आहे. तुमच्या वह्यांच्या नकला घरी असतील, त्या उंचावर ठेवा, भिजू देऊ नका.

म्बाकना सलाम.

तुमचा
मुग्योनो


बुधवार, १ फेब्रुवारी २०२३

कांग, सलाम.

तुमची चिठ्ठी व्हॅनच्या ड्रायव्हरने आणून दिली. पेरूही मिळाले. घरात सगळ्यांनी खाल्ले, मी अजून नाही.

चिठ्ठीत तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. "यंत्र होतं तर माझं काम कशाला लागत होतं, आणि लागत नव्हतं तर एकतीस वर्षं का करून घेतलंत?" ही ओळ मी शर्टाच्या खिशात ठेवली आहे. तिचं उत्तर द्यायचं तर आमचं काम सांगावं लागेल. जमेल तसं सांगतो.

आम्ही संगणकात झाडं लावतो. म्हणजे प्रश्नांची झाडं. खोडापाशी एक प्रश्न असतो. डोंगरात सकाळपासून ऐंशी मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला का? हो असेल तर एका फांदीवर जायचं, नाही तर दुसऱ्या. तिथे पुढचा प्रश्न. पुलापाशी पाणी दोन मीटरच्या वर आहे का? असं जात जात शेवटच्या पानापाशी पोचलं की तिथे उत्तर, तीन तासांनी पुचांगसारीत पाणी किती असेल ते. अशी पाचशे झाडं, आणि त्या सगळ्यांच्या उत्तरांची सरासरी. कोणता प्रश्न कुठे विचारायचा हे झाडं जुन्या नोंदी पाहून स्वतःच ठरवतात. आपण फक्त रकाने द्यायचे. आमच्याकडे बेचाळीस रकाने होते: पाऊस, वारा, बंधाऱ्याचे दरवाजे, पुलावरच्या यंत्राने मोजलेली पातळी, आणि पट्टीवर तुम्ही वाचलेली पातळी.

मग कोणता रकाना किती कामाचा, हेही संगणक सांगतो. एखाद्या रकान्यावर प्रश्न विचारला की झाडातला गोंधळ थोडा कमी होतो. जेवढा कमी झाला तेवढं श्रेय त्या रकान्याला. पाचशे झाडांतल्या श्रेयाची बेरीज करून आडव्या रेघा काढतात, सगळ्यांत लांब वर, सगळ्यांत आखूड खाली. गेल्या ऑगस्टात ती यादी भिंतीवर लावली. यंत्राची पातळी दुसरी आली. तुमची अडतिसावी.

आमचे साहेब, पाक हेंद्रातो, यादी पाहून म्हणाले, "खालचे पाच काढून टाका. झाडं जरा हलकी होऊ द्यात." मग आम्ही ते पाच काढले.

पूर येऊन गेल्यावर निंग्रुमने मला बोलावलं. ती विद्यापीठातून आलेली, माझ्या थोरलीच्या वयाची. ही झाडं तिनेच लावली आहेत.

"पाक मुग, एक गंमत दाखवू? गंमत नाहीये खरं तर."

तिने ऑगस्टातल्या जुन्या तक्त्यात त्रेचाळिसावा रकाना घातला आणि झाडं नव्याने वाढवली. तो नवा रकाना यादीत एकविसावा आला.

"हे कशाचे आकडे?" मी विचारलं.

"कशाचेच नाहीत. संगणकाला म्हटलं, मनाला येईल ते भर."

"मग एवढे वर कसे आले?"

"सगळे वेगवेगळे आहेत ना. एक पूर्णांक तीन सात दोन, चार पूर्णांक शून्य नऊ एक. झाडाला कापायला हजार जागा मिळतात. त्यातली एखादी जुन्या नोंदींशी योगायोगाने जुळतेच. झाड ती पाठ करतं, आणि श्रेय रकान्याला जातं. नव्या पुरात त्याचा काडीचा उपयोग नसतो."

ती पुढे म्हणाली, "पुचांगसारीचे आकडे दहा-दहा सेंटिमीटरचे आहेत. एक ऐंशी, एक नव्वद. झाडाला कापायला जागाच थोड्या. आणि यंत्र जवळपास तेच सांगतं, तेही दोन दशांशांत. दोघंही एकच बातमी देत असले की झाड एकाला विचारतं. दुसऱ्याच्या नावावर काही पडत नाही. याचा अर्थ दुसरा खोटा आहे असा नाही, निकामी आहे असाही नाही."

कांग, कुठल्याही मनमानी आकड्यांची रांग तुमच्या एकतीस वर्षांच्या वर सतरा पायऱ्या बसली होती.

मग तिने दुसऱ्या रीतीने मोजून दाखवलं. झाडांनी कधीच न पाहिलेली तीन वर्षं तिने बाजूला ठेवली होती. तुमचा रकाना तक्त्यात तसाच ठेवला, आणि त्या तीन वर्षांतले तुमचे आकडे डोमिनोच्या सोंगट्यांसारखे पिसून टाकले, म्हणजे सोमवारचा आकडा गुरुवारी, मार्चचा डिसेंबरात. मग पाहायचं, उत्तर किती बिघडतं. रोजच्या दिवसांत काहीच बिघडलं नाही. तिथे यंत्र तुमची जागा भरून काढतं. मग तिने फक्त पाणी तीन मीटरच्या वर गेलेले दिवस घेतले. तीन वर्षांत असे अकराच. त्या दिवसांत वीस सेंटिमीटरची चूक पाऊण मीटरवर गेली.

"त्याच दिवसांत यंत्राचे आकडे अडकल्यासारखे दिसतात," निंग्रुम म्हणाली. "एकदम सपाट. का, ते मला माहीत नाही."

"तुम्हाला हे पिसून पाहणं ऑगस्टात माहीत होतं?" मी विचारलं.

तिने स्क्रीन बंद केला. "होतं. पण यादीवर कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, काही चुकत असेल तर तुम्ही सांगाल. नदीतलं तुम्हाला कळतं."

"आणि मला वाटलं, तुम्ही सांगाल. झाडांतलं तुम्हाला कळतं."

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, कांग. रोज तुमचं काम लागत नव्हतं. वर्षातून चार दिवस लागत होतं, आणि ते चार दिवस कोणते हे आधी कळत नाही, म्हणून एकतीस वर्षं.

आणखी एक. चौकशीसाठी कार्यालयाच्या अहवालाचा मसुदा तयार झाला आहे. त्यात एक वाक्य आहे: "पुचांगसारी येथील हस्तनोंद निरीक्षकाने पाणी वाढल्याचे कळवले नाही." मसुद्याखाली माझी सही हवी आहे. तक्ते माझ्याकडे असतात म्हणून. पाक हेंद्रातो म्हणाले, "यात खोटं काय आहे? नाही कळवलं ना त्याने?" मसुदा चार दिवस माझ्याकडे आहे.

सही केलेली नाही.

मुग्योनो


मंगळवार, ७ फेब्रुवारी २०२३

कांग, सलाम.

चौकशी काल झाली. तिथे काय बोललो ते सांगण्याआधी तुमच्याशी बोलायला हवं. तुम्हाला ते दुसऱ्याकडून कळण्याआधी हे पत्र पोचावं, म्हणून ड्रायव्हरला आजच देतोय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, नोंदी कार्यालयाने थांबवल्या. दुसऱ्यात लिहिलं, आम्ही रकाने काढले. दोन्ही वेळा पाकीट चिकटवताना मला माहीत होतं की मी लपतोय. रकाना मी काढला. माझ्या बोटाने. साहेब खोलीबाहेर जाता जाता थांबून म्हणाले होते, "मुग, ही नदी तू ओळखतोस. यातलं काही ठेवायचं असेल तर आत्ताच सांग." मी म्हणालो, "काही नाही, पाक."

निंग्रुमला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. तुमच्या वहीच्या शेवटच्या कोपऱ्यात शेरा लिहायला जागा असते. प्रत्येक मोठ्या पाण्याच्या दिवशी तुम्ही तिथे लिहिलंय, "यंत्राच्या नळीत बांबू अडकला आहे, त्याचा आकडा धरू नका." मी तो शेरा वीस वर्षं वाचत आलो. तक्त्यात शेऱ्याला रकाना नव्हता, म्हणून चढवला नाही. पण वाचला होता. त्या नऊ तारखेलाही नळीत बांबूच निघाला.

मग गप्प का बसलो? खोलीत सगळी विद्यापीठाची माणसं होती. मी गावच्या शाळेतला, वरच्या वर्गात कारकुनीच्या परीक्षा देत देत पोचलेला. अडतिसाव्या रकान्यावर माझ्या चुलतभावाचं नाव होतं. मी तोंड उघडलं असतं तर त्यांना वाटलं असतं, हा भावासाठी रदबदली करतोय. यंत्रावर भरवसा नसलेला खेडूत. त्यांनी असं म्हटलंही नसतं कदाचित. मला ते वाटण्याचीच भीती वाटली. माझ्या त्या लाजेपायी रकाना गेला.

यापुढचं मी काल रात्री तीनदा लिहून खोडलं.

सप्टेंबरात मी पुचांगसारीला आलो होतो तो तुम्हाला सांगायलाच, की तुमचं काम संपलं. सांगण्यासाठी वाक्यंही जुळवून आणली होती. म्बाकनी सोयाबीनचे टेंपे तळले. तुम्ही पायऱ्यांवरच्या त्या जुन्या पट्टीची गोष्ट काढलीत, की मधल्या बारीक खुणा पार पुसल्यात, आता दहा-दहाच्याच दिसतात, आणि विचारलंत, "मुग, या वर्षी तरी नवी येणार का रे?"

मी म्हणालो, "येणार, कांग. त्यासाठीच तोवर नोंदी थांबवायला सांगितलंय."

तुम्हाला किती आनंद झाला. म्बाकना हाक मारून सांगितलंत, "ऐकलंस का, एकदाची येतेय!" म्बाक म्हणाल्या, "आली की तिलाच घेऊन झोपा." आपण तिघंही हसलो. मी सगळ्यांत मोठ्याने.

नवी पट्टी नव्हतीच. कुणी मागवलेली नव्हती. तुम्ही तिच्यासाठी तीन अर्ज पाठवलेत, २००९ साली, २०१४ साली आणि २०१८ साली. तिन्ही माझ्या टेबलावर आले आणि तिथून कुठेही गेले नाहीत. पहिल्या वेळी राहून गेलं. दुसऱ्या वेळी पहिला अर्ज का अडकला हे कुणी विचारेल म्हणून दाबला. तिसऱ्या वेळी वाटलं, यंत्र तर आहेच, कशाला. तिन्ही अर्ज खणात एकमेकांवर पडून होते. खुणा असत्या तर तुम्ही दोन-दोन सेंटिमीटरनी वाचलं असतं. झाडांना तुमच्या रकान्यात कापायला जागा मिळाली असती. गणिताने तुम्हाला ज्या कारणाने खाली ढकललं ते कारण मी तयार केलेलं होतं, आणि मग त्याच गणिताकडे बोट दाखवून मी तुम्हाला काढलं.

आणि तुम्ही चार महिने पट्टीची वाट पाहत बसलात. दुसरा कुणी असता तर त्याने नदीकडे तरी सवयीने पाहिलं असतं. तुम्हाला थांबायला सांगितलं म्हणून तुम्ही थांबलात, कारण सांगणारा मी होतो. काम संपलं असं खरं सांगितलं असतं, तर गावाला कळलं असतं की पुचांगसारीला आता पट्टीवर माणूस नाही. लोकांनी स्वतः पाण्यावर नजर ठेवली असती. सगळे समजत होते की वागिमान आहे.

कालची गोष्ट. तालुक्याच्या सभागृहात पाच जण समोर बसले होते. मसुदा वाचताना निरीक्षकाचं वाक्य आलं, तेव्हा मी उठलो आणि म्हणालो की याखाली माझी सही नाही. मग वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, याच क्रमाने. तिन्ही अर्ज टेबलावर ठेवले.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "म्हणजे निरीक्षकाला आपल्याला कामावरून कमी केलंय हे माहीत नव्हतं?"

"नव्हतं, बू. मी त्याला खोटं सांगितलं होतं."

पाक हेंद्रातो माझी बाही ओढून हळूच म्हणाले, "मुग, तुझ्या निवृत्तीला अजून आठ वर्षं आहेत." ते वाईट माणूस नाहीत. मला वाचवतच होते.

म्बाह सामिराहचा मुलगा पार्यांतो मागच्या रांगेत बसला होता. त्याला बोलायची परवानगी मिळाली. त्याने मला विचारलं, "वागिमानकाकांनी नोंद घेतली असती तर आई वाचली असती का?"

कांग, मला हो म्हणता आलं नाही आणि नाहीही म्हणता आलं नाही. निंग्रुमने आणि मी ते काढून पाहायचा प्रयत्न केला होता. झाडांत तुमचा रकाना परत घालून नऊ तारीख चालवून पाहायची होती. पण त्या दिवसाचा तुमचा आकडाच नाही. तिथे रिकामी जागा आहे. हेच मी पार्यांतोला सांगितलं. म्हणालो, ती जागा मी रिकामी केली, त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता कुणालाच काढता येणार नाही, मलाही नाही.

तो म्हणाला, "सातव्या दिवशी आम्ही काकांना टोपली..." आणि खाली बसला.

मसुद्यातलं तुमच्याविषयीचं वाक्य अध्यक्षबाईंनी तिथेच खोडायला लावलं. माझ्याकडचे तक्ते आज सकाळी काढून घेतले. पुढे काय होईल ते होईल. बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे वागिमान कांगना आधी सांगायचं की सभागृहाला?" तिचं बरोबर आहे. तिथेही मी क्रम चुकलो.

येत्या शुक्रवारी मी पुचांगसारीला येतो. इमामसाहेबांशी बोललोय. जुम्याच्या नमाजानंतर लोक उठायच्या आत दोन मिनिटं देतो म्हणाले. तुमच्या नावावर गाव जे बोललं ते माझं होतं, हे मी तिथे सांगणार आहे. तुम्ही नेहमीच्या जागी, पुढच्या रांगेत बसा. म्बाक म्हणाल्या, हल्ली तुम्ही चपलांपाशी बसता.

त्यानंतर घरी येईन. दर ईदेला मी तुमच्यासमोर गुडघे टेकतो, तुमच्या हातावर कपाळ ठेवतो आणि सगळे म्हणतात तेच म्हणतो, आतल्या-बाहेरच्या चुका माफ करा. कोणत्या चुका ते कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. गेल्या ईदेलाही म्हणालो, तेव्हा खणात तीन अर्ज होते. आणि थोरल्याने उत्तर द्यायचं असतं तसं तुम्ही दर वेळी माझं डोकं थोपटून म्हणता, "मीही चुकलो असेन, मलाही माफ कर."

शुक्रवारी मी एकेक चूक नाव घेऊन सांगेन. माफ करा किंवा करू नका, ते तुमच्या हाती आहे. दार लावून घेतलंत तरी मी समजेन. पण कांग, एवढं ऐका. त्या दिवशी ते 'मीही चुकलो असेन' म्हणू नका. तुमच्या बाजूला चूक काहीच नाही.

तुमचा रकाना ज्याने काढला तो,
मुग्योनो